खाल्ल्या मिठाची ओळख

किनारपट्टीवर राहणाऱ्या माणसाला मीठ सादळते म्हणजे काय होते हे सांगण्याचे कारण नाही. मृग लागला की बरणीतल्या मिठाला पाणी सुटते, पिठीसाखरेचे खडे होतात, तिखटाचा गोळा होतो आणि हिंगाची डबी उघडता उघडत नाही. आमच्या आज्या-पणज्या मिठाच्या बरणीत तांदळाचे भाजलेले दाणे टाकीत, बरणी चुलीच्या उबेला ठेवीत आणि ओल्या हाताने मिठाला शिवू देत नसत. तांदळाचा दाणा ओल स्वतःकडे ओढून घेतो आणि मीठ मोकळे राहते, एवढे शास्त्र त्यांना अनुभवाने अवगत होते. आज हेच काम कारखान्यात होते. दुकानातून आणलेली मिठाची पुडी ऐन आषाढात फोडली तरी मीठ वाळूसारखे सरसर ओघळते. हे कशाने होते, असा प्रश्न फारच थोड्यांना पडतो. आणि ज्यांना पडतो त्यांना पुडीवर उत्तर सापडत नाही. सापडतो तो एक आकडा. या आकड्याविषयी आज चार शब्द लिहावेत असे आम्हास वाटते.

विषय मिठाचा असला तरी आमच्या नजरेसमोर आहेत ते कर्नाटकातील बिदर आणि कलबुर्गी हे दोन सीमावर्ती जिल्हे. गोव्यातील आणि एकूणच किनाऱ्यावरील दत्तभक्तांना हा मुलूख परका नाही. भीमा-अमरजेच्या संगमावरील गाणगापूर कलबुर्गी जिल्ह्याच्या अफजलपूर तालुक्यात आहे आणि माणिकप्रभूंचे माणिकनगर बिदर जिल्ह्यात हुमनाबादजवळ आहे. भालकी, बसवकल्याण, औराद, आळंद या तालुक्यांत मराठी घरे मोठ्या संख्येने आहेत. हा सारा प्रदेश १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानाचा आणि पुढे हैदराबाद राज्याचा भाग होता. राज्यपुनर्रचनेत तो म्हैसूर राज्यात गेला. तेथील आठवडी बाजारात कन्नड, मराठी, उर्दू आणि तेलुगू अशा चार भाषा कानी पडतात. परंतु त्याच बाजारातील मिठाच्या पुडीवर बहुधा या चारांपैकी एकाही भाषेत पुडीच्या पोटात काय आहे हे लिहिलेले नसते. आमच्या आजच्या लेखाचे मूळ येथे आहे.

प्रथम गुठळी का होते ते पाहू. शुद्ध मिठाचा स्फटिक हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी ओढू लागतो. मिठागरातून आलेल्या कच्च्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडचा अंश असतो आणि तो याहून कितीतरी कोरड्या हवेतही पाणी ओढतो. म्हणूनच जाडे मीठ लवकर पाझरते. कणांच्या पृष्ठभागावर खाऱ्या पाण्याचा पातळ थर साचतो; दुसऱ्या दिवशी ऊन पडले की तो थर सुकतो आणि सुकताना शेजारच्या दोन कणांमध्ये मिठाचाच एक सूक्ष्म सांधा तयार होतो. असे असंख्य सांधे जुळले की झाला मिठाचा दगड. हे सांधे जुळू नयेत म्हणून जे पदार्थ मिसळतात त्यांना गुठळीरोधक म्हणता येईल. कॅल्शियम कार्बोनेट, मॅग्नेशियम कार्बोनेट, कॅल्शियम सिलिकेट, ट्रायकॅल्शियम फॉस्फेट आणि सिलिकॉन डायऑक्साइड हे त्यांतले नेहमीचे. यांची अतिसूक्ष्म भुकटी कणांच्या मध्ये जाऊन बसते, ओल शोषते आणि कणांना एकमेकांपासून दूर ठेवते. पोटॅशियम फेरोसायनाइडची रीत निराळी आहे. ते स्फटिकाच्या वाढीलाच बाधा आणते. त्यामुळे सांधा जुळलाच तर तो ठिसूळ राहतो आणि बोटाच्या दाबाने फुटतो.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेतील मॉर्टन कंपनीने १९११ साली मिठात मॅग्नेशियम कार्बोनेट मिसळण्यास सुरुवात केली आणि पावसातही आमचे मीठ ओघळते, अशी जाहिरात लवकरच तिकडे घरोघर पोचली. आपल्याकडे १९८३ मध्ये मिठापूरचे पुडीबंद आयोडीनयुक्त मीठ देशभर विक्रीस आले आणि तेव्हापासून सुटे जाडे मीठ स्वयंपाकघरातून हळूहळू मागे हटत गेले. २००६ सालापासून आयोडीन नसलेले मीठ थेट मानवी आहारासाठी विकण्यास देशभर मनाई झाली. गलगंडाचा आणि मुलांच्या मतिमांद्याचा विचार करता या धोरणामागील हेतू योग्यच होता. मात्र त्याचबरोबर बारीक, कोरडे, पुडीबंद मीठ हेच सर्वांचे मीठ झाले, आणि बारीक दळलेल्या मिठाला गुठळीचे भय जाड्या मिठाहून अधिक असल्याने गुठळीरोधकही प्रत्येक घरात पोचला. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, तर कलबुर्गीत सात-आठशे मिलिमीटर. चैत्र-वैशाखात तिकडे पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि हवा इतकी कोरडी होते की मीठ सादळण्याचा प्रश्नच उरत नाही. तरीही म्हापशाच्या आणि आळंदच्या दुकानात पुडी मात्र एकच. आमच्या आषाढासाठी केलेली तजवीज तिकडच्या वैशाखातही लोक खात असतात.

यात भिण्यासारखे काही आहे काय? हा प्रश्न टाळून चालणार नाही. कारण २०१९ साली या भीतीची एक लाटच देशात उठली होती. पुडीच्या मिठात ‘सायनाइड’ आहे, अशी बातमी परदेशी प्रयोगशाळेच्या अहवालाचा दाखला देत वृत्तपत्रांतून आणि मोबाइलवरून वाऱ्यासारखी पसरली. सायनाइड हा शब्दच असा की ऐकणाऱ्याच्या घशाला कोरड पडावी. परंतु नावावरून विषाची परीक्षा होत नसते. फेरोसायनाइडमध्ये सायनाइडचे सहा गट लोहाच्या अणूशी इतके घट्ट बांधलेले असतात की पोटातील आम्लाने ते सुटून येत नाहीत. आपल्याकडील नियमानुसार एक किलो मिठात त्याचे प्रमाण दहा मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नये. आता हिशेब वाचकांनीच करावा. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ खावे असे सांगते. एखादा गृहस्थ त्याच्या दुप्पट, म्हणजे दहा ग्रॅम मीठ खात असला आणि मिठात फेरोसायनाइड कमाल मर्यादेइतके असले, तरी त्याच्या पोटात दिवसाला एक दशांश मिलिग्रॅम जाईल. तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय समितीने जन्मभर रोज घेतले तरी चालेल असे जे प्रमाण ठरविले आहे, ते साठ किलो वजनाच्या माणसाला दिवसाला दीड मिलिग्रॅम इतके येते. म्हणजे पंधरा पट अंतर. त्या गृहस्थाला धोका आहे तो त्या दहा ग्रॅम मिठाचा, रक्तदाबाचा; त्यातल्या फेरोसायनाइडचा नव्हे.

याचा अर्थ विज्ञानाने एकदा दिलेला निवाडा ही काळ्या दगडावरची रेघ असते, असे मात्र नाही. युरोपीय संघाने २०१२ साली ॲल्युमिनियमयुक्त गुठळीरोधकांच्या वापरावर कात्री चालविली, कारण सर्व अन्नातून मिळून शरीरात जाणाऱ्या ॲल्युमिनियमची बेरीज वाढत चालली होती. सिलिकॉन डायऑक्साइडच्या अतिसूक्ष्म कणांविषयी तेथील अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये अधिक माहिती मागितली आणि ती अभ्यासून २०२४ मध्ये सध्याच्या वापरात चिंतेचे कारण दिसत नाही असा निर्वाळा दिला. प्रश्न विचारणे, माहिती मागणे, मर्यादा बदलणे, हीच शास्त्राची शिस्त आहे. मग प्रश्न विचारण्याचा तोच अधिकार भालकीच्या शेतकऱ्याला आणि आळंदच्या गृहिणीला का नसावा? आणि प्रश्न विचारायचा तर पुडीत काय आहे हे आधी वाचता तरी यायला हवे.

कायदा काय म्हणतो ते पाहा. २०२० च्या लेबलविषयक नियमांप्रमाणे पुडीवरील मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी लिपीतील हिंदीत असावा लागतो. इतर कोणतीही भाषा त्याच्या जोडीला वापरण्यास मज्जाव नाही. पण सक्तीही नाही. मिसळलेल्या पदार्थाचा वर्ग सांगायचा आणि त्यापुढे त्याचे नाव किंवा आंतरराष्ट्रीय क्रमांक, यांपैकी काहीही एक छापले की कायद्याचे समाधान होते. उत्पादक साहजिकच क्रमांकाची वाट धरतात, कारण त्याला जागा कमी लागते आणि कुणी शंकाही काढीत नाही. परिणामी पुडीच्या पाठीवर मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत ‘अँटिकेकिंग एजंट’ आणि त्यापुढे ५५१, ५३६ किंवा १७० असा आकडा येतो. ५५१ म्हणजे सिलिकॉन डायऑक्साइड, ५३६ म्हणजे पोटॅशियम फेरोसायनाइड आणि १७० म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, अर्थात आपला साधा खडू, हे कोणत्या दुकानदाराला ठाऊक असते? पदवीधरालाही जे उमगत नाही, ते चार भाषांच्या बाजारात वावरणाऱ्या आणि कदाचित त्यांतली एकच लिपी जेमतेम वाचणाऱ्या माणसाला उमगावे, ही अपेक्षा हास्यास्पद आहे. कायद्याने माहिती दिली असे म्हणायचे आणि ती कुणाला कळू नये अशा रीतीने द्यायची, याला माहिती देणे म्हणत नाहीत.

२०१९ ची ती घबराट या अज्ञानाच्याच जमिनीत उगवली. ज्या वस्तूचे नाव, काम आणि प्रमाण ग्राहकाला आधीपासून माहीत आहे, तिच्याविषयी अफवा पसरविणे कठीण असते. जिथे नुसता आकडा आहे, तिथे त्या आकड्याचा कुणीही राक्षस करू शकतो. गुठळीरोधकाविषयी उत्पादकांना खरोखरच काही लपवायचे नसेल, तर मोकळेपणाने सांगण्यात त्यांचाच लाभ आहे.

यात दुसरीही एक गोम आहे आणि ती अधिक गंभीर आहे. गुठळीरोधक म्हणून नियमाने मिठात दोन टक्क्यांपर्यंत मिसळता येणारा खडू हाच भेसळखोराचाही जुना मित्र आहे. दोन टक्क्यांच्या आत तो मिठाला मोकळे ठेवतो. त्या रेषेपलीकडे तो मिठाच्या भावाने विकली जाणारी माती होतो. पदार्थ तोच, प्रमाणाने त्याचे नाव बदलते. ग्राहकाला नाव आणि प्रमाण यांपैकी काहीच ठाऊक नसेल तर सज्जन उत्पादक आणि लबाड व्यापारी यांत त्याने फरक कसा करावा? चमचाभर मीठ पेलाभर पाण्यात ढवळून पाहावे. पाणी दुधासारखे पांढरे झाले आणि तळाशी जाड थर बसला तर खडूचा संशय धरावा, एवढी परीक्षा कोणालाही घरी करता येते. सुट्या मसाल्यांची कथा तर याहून वाईट. हळदीला पिवळेपणा यावा म्हणून लेड क्रोमेट, तिखटाला लाली यावी म्हणून कापडाचे रंग, बेसनात लाखेच्या डाळीचे पीठ, ही भेसळ देशात वारंवार पकडली गेली आहे आणि तिच्यापुढे सिलिकॉन डायऑक्साइड म्हणजे साधुपुरुषच. खऱ्या चोराकडे पाठ फिरवून पहारेकऱ्याच्या मागे धावणे हे शहाणपणाचे लक्षण नव्हे.

बिदर-कलबुर्गीच्या संदर्भात आणखी एका भुकटीचा विचार करणे अगत्याचे आहे, ती म्हणजे दुधाची. कर्नाटक सरकारने १ ऑगस्ट २०१३ रोजी ‘क्षीरभाग्य’ योजना सुरू केली आणि शाळांतील व अंगणवाड्यांतील बालकांना दूधपूड पाण्यात कालवून केलेले दीडशे मिलिलिटर दूध मिळू लागले. २०२४ पासून शाळांतील या दुधात नाचणीच्या सत्त्वाचीही भर पडली. ज्या प्रदेशाच्या मागासलेपणाची दखल घेऊन राज्यघटनेत ३७१ (ञ) या कलमाची खास तरतूद करावी लागली, तेथील बालकांच्या दृष्टीने या योजनेचे मोल वेगळे सांगावयास नको. दूधपुडीतील साखर हवेतील ओल पटकन ओढते, चिकट होते आणि पुडीचे गोळे बनतात. म्हणून आंतरराष्ट्रीय मानकांत दूधपुडीच्या एका किलोत दहा ग्रॅमपर्यंत गुठळीरोधक घालण्यास मुभा आहे आणि पाण्याचा अंश पाच टक्क्यांच्या वर नसावा असे बंधन आहे. परंतु एक गोष्ट शिक्षकांनी, अंगणवाडी सेविकांनी आणि स्वयंपाक करणाऱ्या भगिनींनी पक्की ध्यानात ठेवावी. गुठळीरोधक पूड मोकळी ठेवतो. तो तिला नासण्यापासून वाचवीत नाही. त्यामुळे पूड मोकळी आहे म्हणून ती चांगलीच आहे असे मानू नये. उलट गुठळीरोधक असूनही पोत्यात गोळे दिसले तर ओल आत शिरली आहे, ही धोक्याची घंटा समजावी आणि गोळे चाळून काढून उरलेली पूड वापरण्याचा मोह टाळावा. कौलातून ठिबकणारे पाणी, भिंतीला टेकून ठेवलेली पोती, सैल बांधलेले तोंड, ओला चमचा, यांवर कोणत्याही क्रमांकाचा उतारा नाही. पोती फळीवर, भिंतीपासून दूर ठेवावीत, तोंड आवळून बांधावे, आधी आलेले आधी वापरावे, एवढी शिस्त कोणत्याही रसायनाहून अधिक कामाची आहे.

आणि एक साधे सत्य आपण विसरत चाललो आहोत. गुठळीरोधकाची गरज भुकटीला असते त्याहून अधिक तिच्या दीर्घ मुक्कामाला असते. कारखान्यातून गोदामात, गोदामातून ट्रकमध्ये, ट्रकमधून दुकानात आणि दुकानातून फडताळात महिनोन्महिने पडून राहणाऱ्या पुडीला ते कवच हवे असते. बिदर-कलबुर्गीच्या खेड्यांत ज्वारी अजूनही गिरणीवर दळून आणतात आणि ते पीठ आठ-पंधरा दिवसांत भाकरीच्या रूपाने संपते. त्या पिठात काय मिसळले आहे, असा प्रश्नच उद्भवत नाही. कलबुर्गीच्या तुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ती डाळ अख्खी असते आणि अख्ख्या धान्याला गुठळी ठाऊक नाही. घरी कांडलेले तिखट, खलबत्त्यात कुटलेला मसाला, खडा हिंग, यांचीही तीच गोष्ट. आपण सारे पुन्हा जात्याकडे वळावे असा उपदेश आम्ही करणार नाही. तो कुणाच्या गळी उतरणारही नाही. परंतु जे थोडे थोडे, ताजे, डोळ्यांदेखत दळून मिळते, ते तसेच घेण्यात तोटा नाही. कोरड्या हवेच्या जिल्ह्यांत जाड्या कणांचे, पण आयोडीनयुक्त मीठ सहज मिळेल अशी व्यवस्था झाली, तर गुठळीचा प्रश्न पुष्कळसा आपोआप सुटेल. सुटे बिनआयोडीनचे मीठ मात्र स्वस्त पडते म्हणून घेऊ नये. विक्रीच्या टप्प्यावर मिठात दहा लाख भागांत किमान पंधरा भाग आयोडीन असावे लागते आणि मुलांच्या बुद्धीचा तो पाया आहे.

गोमंतकीयांनी हा विषय परमुलखाचा समजू नये. आगरवाड्यापासून बाति-आगशीपर्यंतच्या आमच्या मिठागरांचा इतिहास मोठा आहे. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारान्वये गोव्याच्या मिठाची सूत्रे इंग्रजांच्या हाती गेली, त्याबदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाकाठी चार लाख रुपये मिळाले, आणि मिठागरे मात्र कायमची खचली. कोणत्या मिठाने कोणाचे ताट भरावे हे लांब बसलेल्या सत्तेने ठरविले की काय होते, हे आम्ही भोगले आहे. भाषेचा प्रश्नही आम्हास नवा नाही. आपल्याला कळेल त्या भाषेत कारभार चालावा यासाठी या भूमीत दीर्घ झगडे झाले. सीमाप्रश्नाचा निवाडा न्यायालयाने करायचा आहे आणि महाराष्ट्राने त्यासाठी २००४ साली दावा दाखल केलेला आहे. मिठाच्या पुडीला मात्र कोणत्याही निकालाची वाट पाहण्याचे कारण नाही. त्यात कन्नड विरुद्ध मराठी असा वाद तर मुळीच नाही. बिदरच्या कन्नड, उर्दू आणि तेलुगू भाषिक माणसाची अडचण मराठी माणसाइतकीच खरी आहे.

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. गुठळीरोधकाचा नुसता क्रमांक छापण्याची सवलत बंद करावी. त्याचे नाव, त्याचे काम आणि कमाल प्रमाण राज्याच्या भाषेत आणि सीमावर्ती जिल्ह्यांत तेथील अल्पसंख्य भाषांतही छापले जावे. पुडीवर जागा नसेल तर किराणा दुकानात आणि शिधावाटप केंद्रात तक्ता लावण्याची सक्ती करावी. एका कागदावर वीस क्रमांकांचे अर्थ सहज मावतात. शाळा आणि अंगणवाड्यांच्या कोठ्यांची पावसाळ्यापूर्वी तपासणी व्हावी. आणि २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याच्या ४० व्या कलमाने साध्या ग्राहकालाही शुल्क भरून अन्नाचा नमुना तपासून घेण्याचा आणि दोष आढळल्यास ते शुल्क परत मिळविण्याचा अधिकार दिला आहे, हे सरकारने गावोगाव दवंडी पिटून सांगावे. न बजावलेला हक्क हा सादळलेल्या मिठासारखाच असतो. बरणीत असतो, पण वेळेला हाती लागत नाही.

खाल्ल्या मिठाला जागावे, असा आपल्याकडे दंडक आहे. तो पाळायचा तर आपण कोणते मीठ खातो आहोत हे आधी माणसाला कळले पाहिजे. गाणगापूरच्या वाटेवरील खेड्यात पुडी फोडणाऱ्या माउलीला ते तिच्या भाषेत सांगणे फार खर्चाचे काम नाही. ते आजवर झालेले नाही, कारण कुणी मागितले नाही. आता मागावे.